बाबांची फेलोशिप

वास्तुकलेची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी अर्थसाहाय्य योजना कोणती? बाबा. या योजनेला पोर्टल नाही, त्यामुळे सर्व्हर डाऊन होत नाही. उत्पन्नाचा दाखला लागत नाही; फक्त उत्पन्न लागतं. हप्ता महिन्याच्या पाच तारखेच्या आत फोनवर टिंग करून येतो आणि त्याबदल्यात ‘अजून किती दिवस, बेटा?’ एवढाच प्रगती अहवाल मागितला जातो. मुदतवाढ हवी असेल तर आईची तोंडी शिफारस पुरते.

या योजनेचं कार्यक्षेत्र पाहायचं असेल तर नागपुरात वर्धा रोडने मिहानला, म्हणजे विमानतळालगतच्या विकास प्रकल्पाला जावं. मेट्रोने गेलात तरी चालेल. मार्च २०१९ मध्ये नागपूरची मेट्रो पहिल्यांदा धावली ती खापरी ते सीताबर्डी अशीच. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही इथली मूळ गावं. त्यांच्या परिसरातल्या चार हजार हेक्टरांच्या घरातल्या जमिनीवर काय काय उभं राहील, हे शेतकऱ्यांना सातबारा हातातून सुटताना कळलं आणि बाकीच्यांना रंगीत नकाशातून. २००२ साली मिहान उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून इथे काही ना काही उभं राहूनच राहिलं आहे. एम्स आलं, आयआयएम आलं, टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आले, एअर इंडियाची विमानं दुरुस्त करणारं हँगर आलं, दसॉ आणि रिलायन्सचा कारखाना आला. जे आलं नाही त्याची पाटी आली. हे सगळं आधी कुणीतरी कागदावर काढलं, मग ते जमिनीवर आलं. त्या काढणाऱ्या हाताला कुणी शिकवलं आणि शिकत असताना त्याच्या जेवणाचे पैसे कुणी भरले, हा प्रश्न मिहानच्या कुठल्याही पाटीवर नाही.

एम्सपासून सुरुवात करू. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. खर्च १,५७५ कोटींहून अधिक. आत एमडी, एमएस करणारी मुलं आहेत, त्यांना ज्युनिअर रेसिडेंट म्हणतात. पदवी झालेली, पदव्युत्तर चालू, आणि शिकता शिकता वॉर्ड सांभाळणं हेच त्यांचं शिक्षण. त्यांना केंद्र सरकार वेतनश्रेणीच्या दहाव्या स्तरावर ठेवतं. मूळ पगार ५६,१०० रुपये, वर भत्ते. आमची काही तक्रार नाही. चोवीस-चोवीस तास उभी राहणारी पोरं आहेत, द्या म्हणावं आणखी. मुद्दा एवढाच, की पदव्युत्तर पातळीची, कामावर राहून शिकण्याची, सरकारी पैशावर चालणारी उमेदवारी म्हणजे नेमकं काय, हे सरकारला कुणी बाहेरून येऊन समजावून सांगायची गरज नाही. मिहानमध्ये ती रोज तीन पाळ्यांत चालू आहे. रेसिडेंटला कुणी सांगत नाही, ‘पगार कायले पाहिजे? शिकून राहिला ना तू?’

हे वाक्य नागपूरच्या धरमपेठेत आणि रामदासपेठेत, आर्किटेक्टांच्या ऑफिसांत ऐकायला मिळतं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेर पितळी पाटी, आत एक सर, एक जुना ड्राफ्ट्समन, प्लॉटरही चालवणारा आणि चहाही आणणारा एक भाऊ, आणि तीन-चार ट्रेनी. ट्रेनी कायमचे असतात. बदलतात ती फक्त त्यांची नावं. पहिले तीन महिने टॉयलेट डिटेल, पुढचे तीन महिने दार-खिडक्यांची यादी, मग दिवाळीच्या आसपास रेंडर. पैशाचा विषय काढला की सर खुर्ची मागे घेतात आणि स्वतः उमेदवारी केली तेव्हाचा प्रसंग सांगतात. त्यांना मुंबईत तीनशे रुपये मिळायचे आणि ते दादरहून चालत जायचे. ऐकणारा मनात हिशेब करतो. सरांच्या तीनशे रुपयांत दादरला महिन्याची खानावळ तरी येत होती, त्याच्या पाच हजारांत प्रतापनगरची अर्धी खोली येत नाही.

सरांना खलनायक करून टाकणं सोपं आहे, म्हणून ते करत नाही. सरांची फी तीन-तीन ठिकाणी अडकलेली असते. बिल्डर ‘मंजुरी आली की देतो’ म्हणतो, सरकारी खातं ‘अनुदान आलं की देतो’ म्हणतं आणि नातेवाईक तर ‘आपल्यात कसले पैसे’ म्हणतात. ऑफिसातल्या ट्रेनीला पोसतात बाबा आणि ऑफिसला पोसतो सरांच्या बायकोचा शाळेतला पगार. म्हणजे सगळी वास्तुकला अखेर घरातल्याच कुणाच्या तरी पगारावर उभी आहे.

आता तुम्ही म्हणाल, शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा आहे की! आहे. १९६१ सालचा. आणि तो चालतोही. मिहानमध्येच चालतो. दसॉ कंपनीने नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये २०१९ पासून विमानाच्या ढाच्याच्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू केला, कारण फाल्कन विमानाचे भाग जोडायला हात हवे होते. विमानाला रिव्हेट मारणारा आधी शिकलेला असावा लागतो, हे फ्रेंच माणसाला लगेच कळलं. तो शिकत असताना उपाशी नसावा, हे कायद्यालाही कळलं. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि राष्ट्रीय योजनेतून त्यातले निम्मे केंद्र सरकार भरतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ही सगळी पट्टी ५,००० ते ९,००० वरून ६,८०० ते १२,३०० करावी, अशी शिफारसही केली.

आणि वास्तुकला? कायद्याची शिडी ‘पदवीधर’ या पायरीवर संपते. पदव्युत्तर अशी वेगळी पायरीच नाही. शिवाय नियम असा, की आस्थापनेत तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर उमेदवार घेणं सक्तीचं, चार असतील तर ऐच्छिक, आणि चारही नसतील तर तुम्ही नियमांच्या हिशेबी आस्थापनाच नाही. धरमपेठेतलं ऑफिस आठवा. सर, ड्राफ्ट्समन आणि भाऊ. झाले तीन. ट्रेनी धरले तर सहा-सात होतात, पण ट्रेनी धरायचे नसतात, कारण ते ट्रेनी आहेत. ज्या धंद्यात शिकणं बहुतांशी अशा दोन खोल्यांत होतं, त्या धंद्याला शिकवण्यासाठी मिळणारी मदत मोठ्या कारखान्याच्या मापाने शिवली आहे.

मग राज्य सरकारने मनावर घेतलं. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. लोकांनी तिचं बारसं ‘लाडका भाऊ’ असं केलं. बारावी पासला ६,०००, आयटीआय आणि पदविकेला ८,००० आणि ‘पदवीधर/पदव्युत्तर’ यांना १०,००० रुपये. त्या दोन शब्दांमधली तिरकी रेघ नीट पाहा. पाच वर्षांचं बी.आर्क, वर दोन वर्षांचं एम.आर्क, त्यातलं नगररचनेचं किंवा वारसा संवर्धनाचं सगळं शिक्षण त्या रेघेत बसवलं आहे. या सदराला तिरक्या रेघेचं वावडं नाही, पण दोन वर्षांची फी तिच्यात गडप होते, हे जरा जास्तच तिरकं झालं.

मुदत सहा महिने, पुढे आणखी पाच वाढवले. अकरा महिने. मुदती संपत आल्या तेव्हा प्रशिक्षणार्थी ‘आता आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलनाला बसले. योजनेतून काय शिकलात विचारलं तर मोर्चा काढायला शिकलो म्हणतील. अकरा महिन्यांत इमारत कुठवर जाते हे कुठल्याही ठेकेदाराला विचारा. मंजुरी वेळेवर मिळाली तर जोता होतो, नशीब जोरावर असेल तर दुसरा स्लॅब पडतो. प्लंबरने बीम फोडून पाइप कुठून नेला, पहिल्या पावसात गच्ची कुठे गळली, ग्राहकाने राहायला आल्यावर काय शिव्या घातल्या, हे सगळं शिकण्यासारखं पुढे असतं. तोवर भाऊ लाडका राहिलेला नसतो.

केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना तर फार विचारपूर्वक आखलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हाचे नियम असे: महिन्याला ५,००० रुपये, एक वर्ष, मोठमोठ्या कंपन्यांत. वयाची अट २१ ते २४. बारावी अठराव्या वर्षी, बी.आर्कची पाच वर्षं, म्हणजे तेविसावं लागतं. तेविसाव्याचं चोविसावं होईपर्यंत उमेदवाराने धावत जाऊन गाडी पकडायची. आणि चुकून एम.आर्क केलंच, तर दार बंद, कारण पदव्युत्तर पदवीवाले या योजनेत अपात्र ठरवले होते. जास्त शिकलात, आता भोगा.

सरकार वास्तुकलेच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यावर पैसे खर्चच करत नाही, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. गेट परीक्षा पास होऊन एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थेत एम.आर्क किंवा एम.प्लॅनला बसलात, तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. आपल्या व्हीएनआयटीच्या आवारात ही रक्कम सगळ्यांना पाठ आहे. अट एकच, वर्गात बसायचं. तोच विद्यार्थी पदवी घेऊन फाटकाबाहेर आला, डोक्यावर हेल्मेट चढवून साइटवर उभा राहिला, की रक्कम शून्य. एसीखाली बसून जिन्यावर निबंध लिहिला तर पैसे आहेत, उन्हात उभं राहून जिना बांधून घेतला तर नाहीत.

जिन्याचाच विषय निघाला म्हणून सांगतो, कारण हे प्रकरण फार जवळून पाहिलं आहे. मिहानच्या बाजूलाच एक इमारत चालू होती, मे महिना, दुपारची दोनची वेळ. ट्रेनी मुलगी हातात स्टीलचा टेप घेऊन लँडिंगखाली उभी. टेप इतका तापलेला की ती ओढणीत धरून मोजत होती. ड्रॉइंगमध्ये बीमच्या खाली डोक्यासाठी २१०० मिलिमीटर मोकळी जागा. साइटवरही २१०० भरले, म्हणून ती खूश. मिस्त्री छत्तीसगडचा, विडी कानावर. त्याने विचारलं, ‘मॅडम, फर्शी नहीं लगाओगे क्या?’ तिने हिशेब मांडला. फरशीखालचा बेड ४०, फरशी २०, बीमला खालून प्लास्टर १५. उरले २०२५. उंच माणसाने लग्नाचा फेटा बांधला तर आपटणार. तिने सरांना फोन लावला, सरांनी आरसीसीवाल्यांना लावला, आरसीसीवाल्यांनी ‘बघतो’ म्हटलं. मिस्त्रीने ओळंबा सोडून दाखवला, लँडिंग एक पायरी वर घेतलं तर काय होईल ते. तो अर्धा तास म्हणजे जिना या विषयावरचं सगळ्यात पक्कं शिक्षण. ते शिकवणाऱ्या मिस्त्रीला त्याची मजुरी मिळाली. शिकणारीला त्या महिन्याचे साडेतीन हजार ‘पुढच्या महिन्यात एकदम’ मिळणार होते.

ती मुलगी आली होती गडचिरोलीतल्या आरमोरीकडून. इथे सरकारी गणित बघा कसं आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क सरकार भरतं. चांगली गोष्ट, मनापासून टाळ्या. म्हणजे अशा घरातली मुलगी आता वास्तुकलेला येईल, सरकार तिची पाच वर्षांची फी भरेल. पुढे? पदवी हातात पडली की १९७२ च्या कायद्याने ती काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करून त्याच दिवशी ‘आर्किटेक्ट’ होऊ शकते, शिक्का बनवू शकते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक सत्र ऑफिसातलं, तेवढ्या सोळा आठवड्यांच्या अनुभवावर. सहा मजल्यांच्या नकाशावर तिचा शिक्का चालेल. कुणी शहाणा माणूस तिला त्या दिवशी सहा मजले देणार नाही, आणि तीही घेणार नाही. तिला दोन-तीन वर्षं चांगल्या हाताखाली काढायची आहेत. त्या दोन-तीन वर्षांचं खोलीभाडं, मेस, पेट्रोल आणि रेंडर उचलेल असा लॅपटॉप, यासाठी तिने बाबांच्या फेलोशिपला अर्ज करायचा. बाबांकडे अडीच एकर धान आहे. फेलोशिपसाठी निधी उपलब्ध नाही.

म्हणून ती काय करते? वर्षभराने गावाकडे परत जाते आणि नगर पंचायतीच्या परवानगीची कागदं करून देते, किंवा पुण्यात एखाद्या इंटेरिअरवाल्याकडे मॉड्युलर किचनचे थ्रीडी काढते. दोन्ही कामं सन्मानाची आहेत, पण त्यासाठी सरकारला पाच वर्षांची फी भरायची गरज नव्हती. इकडे ज्याच्या बाबांचा रामदासपेठेत दवाखाना आहे, तो मुलगा तीन वर्षं बिनपगारी मुंबईत नामांकित ऑफिसात काढतो, मग बार्सिलोनाला जातो आणि परत येऊन ‘विदर्भाची स्थानिक वास्तुभाषा’ या विषयावर आम्हाला व्याख्यान देतो. व्याख्यान चांगलं असतं. आरमोरीच्या मुलीला त्या भाषेत शिकवणीची गरज नव्हती. कौलाखाली तिचा जन्म गेला आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत परंपरा नाही असंही नाही. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या मातीत रुजवले. मुंबईच्या जे.जे.मध्ये वास्तुकलेची सुरुवातच १८९६ साली ड्राफ्ट्समनच्या वर्गापासून झाली, कारण साहेबांच्या ऑफिसांना कामाचे हात हवे होते. म्हणजे इथे आधी ऑफिस होतं, मग वर्ग आला. आता वर्ग भरपूर आहेत. ऑफिसात मात्र गमवा आणि शिका.

वर्गांवर कुणाची सत्ता, यावर तर दोन राष्ट्रीय संस्था भांडल्या. कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊसच्या वास्तुकला महाविद्यालयाचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला, की वास्तुकलेच्या शिक्षणात तंत्रशिक्षण परिषदेचं नाही, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं चालेल. मान्यता कुणी द्यायची, निकष कुणाचे, यावर वर्षानुवर्षं वकील उभे राहिले. पदवीनंतर पोरांना पोसायचं कुणी, या हक्कासाठी मात्र अजून कुणी कोर्टात गेलेलं नाही. तिथे दोन्ही संस्था एकमेकींना ‘पहले आप’ म्हणत आहेत.

इंग्लंडमध्ये हे करून पाहिलं गेलं. २०१८ साली तिथे वास्तुकलेची ‘लेव्हल सात’ उमेदवारी सुरू झाली, म्हणजे पदव्युत्तर दर्जाची. पुढाकार नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीचा. पद्धत सरळ होती. तीस लाख पौंडांच्या वर पगारावर खर्च करणाऱ्या मालकाने अर्धा टक्का उमेदवारी-कर भरायचा, त्या पैशातून वास्तुकलेच्या उमेदवाराच्या शिक्षणाला २१,००० पौंडांपर्यंत मिळायचे, आणि पगार ऑफिस द्यायचं. पोरगं दिवसा कामावर, ठरावीक वेळ विद्यापीठात, आणि शेवटी कर्ज न करता आर्किटेक्ट. मग तिथल्या सरकारने जाहीर केलं, की जानेवारी २०२६ पासून या पातळीचा पैसा २१ वर्षांपर्यंतच्याच उमेदवारांना. आता पहिली पदवीच एकविसाव्या वर्षी संपते, तर पदव्युत्तर उमेदवारी त्याने कधी सुरू करायची? पाळण्यात? तिथल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने नाराजी नोंदवली. आम्हाला मात्र या बातमीने धीर आला. वयाची अट अशी घालायची की लाभार्थीच उरू नये, ही कला फक्त दिल्लीलाच साधते असं वाटत होतं. पण त्यांनी देऊन मग काढून घेतलं. आपण काढून घ्यायचा प्रसंगच येऊ दिला नाही.

आणि पैसा नाही हे कारण तर सांगूच नका. आपल्या मुख्यमंत्री फेलोशिपमध्ये तरुणांना वर्षभर महिन्याला ६१,५०० रुपये मिळतात, जोडीला आयआयटी मुंबईचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. पदव्युत्तर पातळी आहे, कामावर राहून शिकणं आहे, सरकारी पैसा आहे. सगळं आहे! फरक एवढाच, की तिथे जिल्हाधिकारी कार्यालयात फाईल कशी चालते ते शिकवतात. ज्या कार्यालयात ती फाईल चालते ते नीट बांधावं कसं, हे शिकायला तेवढं अनुदान नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिन्याला ५,००० रुपये देणारी योजना काढली होती. तिकडे वकिलाचा काळा कोट सरकारला दिसला. आपल्याकडे साइटवरचं पिवळं हेल्मेट दिसत नाही, आणि तो रंग तर दुरून दिसावा म्हणूनच निवडलेला.

न शिकलेल्या हाताची किंमत मिहानमध्ये चालता चालता मोजता येते. वर्धा रोडने येताना पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्या काचेच्या भिंती मोजा. नागपूरचा मे महिना ४५ अंशांचा, दुपारी तीनचं ऊन तिरकं आत येतं, आणि आत बसलेला माणूस पडदा ओढून, दिवा लावून, एसी सोळावर ठेवून काम करतो. हे काढणाऱ्याने रेंडर पाहिला होता. रेंडरमध्ये नेहमी सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, आकाशात ढग असतो आणि झाडं पूर्ण वाढलेली असतात. एक मे महिना साइटवर उभा केला असता, तर त्याने आपण होऊन छज्जा काढला असता. बरं, काढणारा इथला असतोच असं नाही. मोठ्या सरकारी कामांच्या निविदेत सल्लागाराच्या उलाढालीची अट अशी असते, की धरमपेठेतले सर निविदा फक्त वाचू शकतात. काम जातं लांबच्या महानगरातल्या मोठ्या फर्मकडे, मग नागपूरचा मुलगा त्या महानगरात खोली भाड्याने घेऊन मिहानचीच ड्रॉइंगं काढतो. भाडं बाबा भरतात.

मग करायचं काय, हे विचाराल तर थोडी आकडेमोड करू. एम्सचे १,५७५ कोटी घ्या. त्यातल्या दर शंभर रुपयांतले दहा पैसे बाजूला काढा. एक कोटी साडेसत्तावन्न लाख होतात. उमेदवाराला महिन्याला १५,००० दिले, वर्षाचे एक लाख ऐंशी हजार, तर एका इमारतीच्या दहा पैशांत सत्त्याऐंशी उमेदवार वर्षभर पोसले जातात. तेवढे एका एम्सला लागणारही नाहीत. पंचवीस घ्या आणि तीन वर्षं ठेवा, पायाभरणीपासून गच्चीतल्या पहिल्या गळतीपर्यंत, तरी पैसे उरतील. निविदेत एक कलम घाला, की सरकारी पैशाची इमारत काढणाऱ्या फर्मने अमुक इतके स्थानिक उमेदवार घ्यावेत, त्यांचं विद्यावेतन प्रकल्पातून थेट त्यांच्या खात्यात जाईल, आणि महिन्यातले ठरावीक दिवस ते साइटवरच असतील. छोट्या ऑफिसांनाही जोडून घ्या, चार माणसांची अट न घालता. बांधकामावर एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी घेतला जातो, त्याला हात लावू नका. तो मजुरांचा आहे, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचत नाही हा वेगळ्या आठवड्याचा विषय आहे.

अडचण एकच, हे कुठल्या खात्याचं काम? महाविद्यालयं तंत्रशिक्षणाकडे, विद्यावेतन कौशल्य विकासाकडे, इमारती सार्वजनिक बांधकामाकडे, नकाशे नगरविकासाकडे, आणि परिषद केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाकडे. प्रस्ताव या पाच टेबलांवरून फिरून आला की पदव्युत्तर उमेदवार निवृत्त व्हायला आलेला असेल. म्हणून मिहानपासूनच सुरुवात करावी. विमानतळ विकास कंपनी सरकारचीच, तिचे अध्यक्ष मुख्यमंत्री आणि मुख्यमंत्री नागपूरचे. फाईलला फिरायला जागाच नाही. हिवाळी अधिवेशनाला सगळं मंत्रालय इथे येतंच. संत्रा बर्फीच्या डब्यासोबत एक शासन निर्णयही परत नेता येईल.

यावर वित्त विभागाचा शेरा काय येईल तो आम्हाला आत्ताच दिसतो आहे. ‘वास्तुविशारदांना दिले, तर उद्या वकील मागतील, परवा सनदी लेखापाल मागतील, तेरवा पत्रकार मागतील.’ मागू देत. पत्रकारांचा अर्ज तयार आहे, फक्त बाबांची सही घ्यायची राहिली आहे.